टरफलातून औषधाकडे : टाकाऊ स्वस्त, शुद्धता महाग

कोळंबी सोलली की तिच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग टाकून द्यावा लागतो. डोके, कवच आणि शेपटी यांचे ढीग मुंबईच्या ससून डॉकपासून आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावरील प्रक्रिया कारखान्यांपर्यंत रोज साचतात आणि दमट हवेत काही तासांतच त्यांना दुर्गंधी सुटते. थोडा भाग खतात किंवा कोंबड्यांच्या खाद्यात जातो. उरलेला कचराभूमीत किंवा पुन्हा समुद्रात. याच ढिगातून रक्तस्राव थांबवणारी पट्टी तयार होते. अंड्याच्या कवचापासून हाडातली पोकळी भरून काढणारे खनिज करता येते, तर भाताच्या तुसापासून औषध साठवून ठेवणारे सच्छिद्र कण. टाकाऊ नैसर्गिक पदार्थांपासून वैद्यकीय उपयोगाचे नॅनोपदार्थ बनवण्याचे हे क्षेत्र गेल्या दोन-अडीच दशकांत जगभरातील प्रयोगशाळांत कमालीचे फोफावले आहे. मात्र प्रयोगशाळेत जे साधले त्यातले फारच थोडे रुग्णापर्यंत पोहोचले. ते का, हे समजून घेतल्याखेरीज या विषयावरच्या उत्साही बातम्यांचे मोल ठरवता येणार नाही.

मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस साधारणपणे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. १०० नॅनोमीटरपेक्षा लहान कणांना नॅनोकण म्हणावे, असा काटेकोर संकेत आहे. औषधनिर्माण शास्त्र मात्र याबाबतीत जरा सैल असून काहीशे नॅनोमीटरच्या कणांनाही तेच नाव देते. इतक्या लहान कणांचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने प्रचंड असते. त्यामुळे त्यांवर औषधाचे रेणू चिकटवता येतात आणि पेशी त्यांना आत घेऊ शकतात.

असे कण कचऱ्यातच का शोधायचे? कारण निसर्गाने ते आधीच बांधून ठेवले आहेत. कोळंबी, खेकडा, शेवंड यांच्या कवचात तीन-चार नॅनोमीटर जाडीचे कायटिनचे तंतू एकमेकांत गुंफलेले असतात. हाडातले खनिज काही दहा नॅनोमीटर लांबीच्या चपट्या स्फटिकांच्या रूपात असते. भाताचे रोप जमिनीतील सिलिका शोषून तुसाच्या सालीत रचून ठेवते. म्हणजे शून्यातून काही घडवायचे नाही. भोवतालचा नको तो भाग दूर सारून हवे ते मोकळे करायचे. ऐकायला हे सोपे वाटते, पण सारी मेख या ‘दूर सारण्या’त आहे.

कायटिनची जुनी ओळख

कायटिन शास्त्रज्ञांना भेटले ते कोळंबीत नव्हे, अळिंबीत. फ्रान्समधील नान्सी येथील वनस्पती उद्यानाचे संचालक आंरी ब्राकोनो यांनी १८११ मध्ये अळिंबीतून हा पदार्थ वेगळा केला. पुढे १८२३ मध्ये आंत्वान ओदिए यांना तोच कीटकांच्या कठीण पंखांत सापडला आणि अंगरखा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला ‘कायटिन’ हे नाव दिले. १८५९ मध्ये शार्ल रूजे यांनी तीव्र अल्कलीत कायटिन उकळून पाहिले, तेव्हा एरवी कशातच न विरघळणारा हा पदार्थ सौम्य आम्लात विरघळू लागला. या बदललेल्या पदार्थाचे ‘कायटोसन’ हे नामकरण १८९४ मध्ये फेलिक्स होप-झायलर यांनी केले. म्हणजे नॅनो हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून हा पदार्थ पुस्तकांत होता.

आजही कारखान्यातली कृती मुळात तीच आहे. टरफले धुऊन, वाळवून, कुटून घेतात. सौम्य कॉस्टिक सोड्याने त्यातली प्रथिने काढतात. मग हायड्रोक्लोरिक आम्लाने कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुन्याचा अंश, विरघळवतात. या वेळी कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येऊन सगळे पिंप फसफसते. रंग घालवला की उरते ते कायटिन. त्याला ४० ते ५० टक्के तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्यात तापवले की रेणूच्या साखळीवरील अ‍ॅसिटिल गट गळून पडतात आणि कायटोसन तयार होते. हे गट किती टक्के गळाले आणि साखळी किती लांब राहिली, या दोन गोष्टींवर पुढचे सारे अवलंबून असते. दोन पिंपांतले कायटोसन दिसायला सारखे आणि वागायला निराळे निघू शकते, हे या धंद्यातले जुने दुखणे आहे.

भारतात या विषयाची पायाभरणी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने केली. कोळंबीच्या टाकाऊ भागापासून कायटिन आणि कायटोसन बनवण्याची पद्धत तिने विकसित केली. कच्च्या मालाची तर आपल्याकडे कमतरताच नाही. २०२२-२३ या वर्षात देशातून सुमारे सात लाख टन गोठवलेली कोळंबी निर्यात झाली आणि तिच्यातल्या बऱ्याच मालाची टरफले इथेच राहिली.

रक्त थांबवणारी पट्टी

कायटोसनची सर्वांत मोठी कामगिरी रणांगणावरची आहे. सौम्य आम्लात त्याच्या रेणूवर धन विद्युतभार येतो. रक्तातील तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. दोहोंची गाठ पडताच पेशी कायटोसनला चिकटून त्यांचा लगदा होतो आणि जखमेच्या तोंडावर बूच बसते. येथे रक्त गोठवणाऱ्या घटकांच्या नेहमीच्या साखळीवर विसंबावे लागत नाही. म्हणूनच रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्या किंवा थंडीने गारठलेल्या जखमींमध्येही ते काम करते.

या तत्त्वावर अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात ‘हेमकॉन’ ही पट्टी तयार झाली. नोव्हेंबर २००२ मध्ये तिला अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाची परवानगी मिळाली आणि लगोलग ती अफगाणिस्तान व इराकमधील सैनिकांच्या पिशवीत गेली. लष्करी डॉक्टरांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात युद्धभूमीवरील ६४ वापरांची नोंद आहे. त्यांपैकी ९७ टक्के वेळा रक्तस्राव थांबला किंवा बराच कमी झाला.

पण गोष्ट इथे संपत नाही. ही पट्टी बिस्किटासारखी ताठ होती. खोल, अरुंद जखमेत ती नीट बसेना. २००८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या तज्ज्ञ समितीने पहिली पसंती काओलिन या मातीचा लेप असलेल्या मऊ कापडी पट्टीला दिली आणि कायटोसन मागे पडले. पुढे त्याच्या उत्पादकांनीही पट्टीचा ताठपणा सोडून मऊ कापडाचा मार्ग धरला, तेव्हा २०१४ मध्ये कायटोसनच्या कापडी पट्ट्यांना पर्याय म्हणून पुन्हा यादीत जागा मिळाली. रसायन तेच होते. बदलला तो आकार. नवा पदार्थ शोधणे आणि जखमेत चालेल अशी वस्तू करणे यांतले अंतर किती, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

भारतात ‘अ‍ॅक्सिओ बायोसोल्युशन्स’ या कंपनीने ‘अ‍ॅक्सिओस्टॅट’ ही कायटोसनची पट्टी बनवली असून ती सैन्यदलांतही वापरली जाते. नागरी जीवनातही तिची गरज उघड आहे. २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. गंभीर जखमीला रुग्णालयात पोहोचेपर्यंत रक्तस्राव रोखता आला, तर काही जीव निश्चितच वाचू शकतात. अशी पट्टी रुग्णवाहिकेत आणि महामार्गावरच्या पोलीस चौकीत असावी की नाही, हा आता प्रयोगशाळेचा नव्हे, तर खर्चाचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न उरला आहे.

कोळंबी खाल्ल्यावर अंगावर पित्त उठणाऱ्यांना ही पट्टी चालेल का, ही शंका साहजिक आहे. कवचधारी जलचरांची अ‍ॅलर्जी मुख्यतः त्यांच्या स्नायूंतील ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे येते, कायटिनमुळे नव्हे. अशी अ‍ॅलर्जी असलेल्या दहा जणांवर पट्टी वापरून केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकालाही त्रास झाला नाही. दहा ही संख्या फार लहान आहे, हेही खरे. शिवाय हा निर्वाळा प्रथिने पूर्णपणे काढून टाकलेल्या मालापुरताच आहे.

याच कायटोसनच्या ‘चरबी शोषणाऱ्या’ गोळ्या औषधांच्या दुकानांत मिळतात. त्यांच्याबाबत मात्र २००८ च्या कॉक्रेन समीक्षेचा निष्कर्ष असा होता, की वजनावर होणारा परिणाम अगदी किरकोळ आहे.

कापडाकडून कणाकडे

कायटोसनचे नॅनोकण करण्याची सोपी कृती स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला विद्यापीठातील मारिया होसे अलोन्सो यांच्या गटाने १९९७ मध्ये मांडली. सौम्य आम्लातल्या कायटोसनच्या द्रावणात ट्रायपॉलिफॉस्फेट हा ऋणभारित क्षार ढवळत मिसळला, की दोन्ही भार एकमेकांना ओढून घेतात आणि आपोआप कण बनतात. उष्णता नको, विषारी द्रावक नको. त्यामुळे प्रथिनांसारखी नाजूक औषधेही या कणांत कोंडता येतात. नाकाच्या किंवा आतड्याच्या आतल्या चिकट अस्तराला हे कण चिकटून राहतात आणि पेशींमधले घट्ट सांधे तात्पुरते सैल करतात. १९९९ मध्ये याच गटाने सशांच्या नाकातून इन्शुलिन देऊन रक्तातील साखर खाली आणून दाखवली. मधुमेहींची सुई सुटणार, अशी आशा तेव्हा निर्माण झाली. पाव शतक उलटल्यावरही तशी फवारणी औषधाच्या दुकानात आलेली नाही. सशाच्या नाकात साधले ते माणसाच्या नाकात रोज, त्याच मात्रेने साधणे निराळे. सर्दी झालेल्या नाकात औषध किती शोषले जाईल, याची खात्री कोण देणार?

अंडे, प्रवाळ आणि हाड

हाडाच्या बाबतीत चित्र बरेच आशादायक आहे. मानवी हाडातले खनिज हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटाच्या कुळातले असते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या डेला रॉय आणि सारी लिनेहान यांनी १९७४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले, की प्रवाळाचा सांगाडा फॉस्फेटच्या द्रावणात उच्च दाबाखाली तापवला तर त्याच्या छिद्रांची नैसर्गिक रचना न मोडता तो हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटमध्ये बदलतो. त्यावर आधारलेली हाडाची भरणी पुढे बाजारातही आली. मात्र प्रवाळ हा काही कचरा नव्हे. भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. दंतवैद्यांच्या परिचयाची ‘बायो-ऑस’ ही भरणी गुरांच्या हाडांपासून प्रथिने काढून करतात. तिला धार्मिक भावनांची, तसेच गुरांच्या मेंदूरोगाच्या भीतीची अडचण येते.

म्हणून संशोधकांची नजर अंड्याकडे आणि माशांच्या काट्यांकडे वळली. अंड्याचे कवच ९४-९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटच असते. ते ९०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्याची फॉस्फोरिक आम्लाशी किंवा अमोनियम फॉस्फेटशी नियंत्रित अभिक्रिया घडवली की हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचे नॅनोस्फटिक मिळतात. कवचातले मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियमचे अल्प अंश त्यात उतरतात. खऱ्या हाडातही ते असतातच, त्यामुळे ही भेसळ उपकारकच ठरू शकते.

देशात २०२३-२४ मध्ये १४ हजार २७७ कोटी अंडी झाली. एका कवचाचे वजन पाच ग्रॅम धरले तरी ही टरफले सात लाख टनांच्या घरात जातात. अर्थात त्यांतली बहुतेक घराघरांत फुटतात आणि ओल्या कचऱ्यात मिसळतात. स्वच्छ, एकाच जागी मिळणारी टरफले फक्त अंड्याची भुकटी करणारे कारखाने आणि मोठ्या बेकऱ्या देऊ शकतात.

येथे एक भेद नीट लक्षात घ्यायला हवा. अंड्याचे कवच, माशाचे काटे, भाताचे तूस हे सारे भट्टीत घालता येते. आगीत जिवाणू मरतात, प्रथिने जळतात, खनिज उरते. कायटिनची वाट तशी नाही. भट्टीत घातले तर त्याचा कोळसा होईल. कायटोसन शुद्ध करण्याचे काम रसायनांनी आणि पाण्यानेच करावे लागते आणि त्याचा खर्च तिथेच वाढतो.

तुसाची राख, पुण्याची चाळणी

भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते आणि तूस जाळल्यावर त्याच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी राख उरते. तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका असू शकते. राखेच्या या गुणाचा उपयोग पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरने पाणी गाळण्यासाठी केला. त्यातून डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ हा शुद्धिजल बाजारात आला. तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेला तो गाळप विजेशिवाय चालत असे. ते औषध नव्हे; पण शेतातला कचरा आणि नॅनोतंत्र यांची सामान्य घराच्या स्वयंपाकघरात झालेली ही भेट म्हणून ते उदाहरण महत्त्वाचे.

औषधाच्या दृष्टीने पाहिले तर राख कॉस्टिक सोड्यात विरघळवून, आम्लाने पुन्हा साकळून अतिसूक्ष्म छिद्रांची सिलिका करता येते. अशा सिलिकेच्या छिद्रांत औषध भरून ते सावकाश सोडता येते, हे माद्रिदमधील मारिया व्हायेत-रेखी यांच्या गटाने २००१ मध्ये आयब्युप्रोफेन या वेदनाशामकावर दाखवले. त्यांनी वापरली ती सिलिका मात्र तुसाची नव्हती. तूस जाळताना तापमान हाताबाहेर गेले, तर सिलिका स्फटिकरूप होते आणि तिची धूळ फुप्फुसाला घातक ठरते. तेव्हा ‘नैसर्गिक’ या शब्दाने इथेही हुरळून जाऊ नये.

तीच गोष्ट फळांच्या साली आणि पाने वापरून केलेल्या चांदीच्या नॅनोकणांची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ च्या सुमारास कडुनिंबाच्या पानांचा आणि गवती चहाचा अर्क वापरून चांदी-सोन्याचे नॅनोकण केले. ते काम जगभर नावाजले गेले. त्यानंतर संत्र्याच्या, केळीच्या, डाळिंबाच्या सालींवर शोधनिबंधांचा पाऊस पडला. पण अशा प्रयोगात साल फक्त चांदीच्या क्षाराचे चांदीत रूपांतर घडवून आणते. मूळ चांदी काही कचऱ्यातून येत नाही, ती विकतच घ्यावी लागते. शिवाय बागेगणिक आणि हंगामागणिक सालीतील रसायने बदलत असल्याने आज मिळालेला कण उद्या तसाच मिळेल याची शाश्वती नसते.

शुद्धतेची किंमत

सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठातील निंग यान आणि शी चेन यांनी २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये दिलेले हिशेब बोलके आहेत. जगात दरवर्षी खेकडे, कोळंबी आणि शेवंडांची ६० ते ८० लाख टन टरफले टाकली जातात. वाळलेल्या टरफलांचा दर टनाला १०० ते १२० डॉलर. त्यातून कायटिन काढण्याचा खर्च मात्र किलोला २०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो आणि एक किलो कायटोसनसाठी एक टनाहून अधिक पाणी लागते. हे पाणी बाहेर पडते ते आम्ल, अल्कली आणि प्रथिनांनी भरलेले. एक कचरा उचलताना दुसरा निर्माण होत असेल, तर पर्यावरणाच्या नावाने त्याचा गाजावाजा करण्यात अर्थ नाही.

वैद्यकीय दर्जासाठी याहून पुढे जावे लागते. जिवाणूंच्या आवरणातून येणारे एंडोटॉक्सिन हे विष रक्तात गेले की ताप येतो, रक्तदाब कोसळू शकतो. शरीरात बसवायच्या उपकरणासाठी अमेरिकी प्रशासनाने त्याची मर्यादा २० एककांवर ठेवली आहे; मेंदू-मज्जारज्जूच्या द्रवाशी संपर्क येणार असेल तर २.१५. एंडोटॉक्सिनवर ऋण भार असल्याने ते धनभारित कायटोसनला गोचिडासारखे चिकटते. नुसत्या उकळण्याने ते जात नाही. काचेची भांडी २५० अंशांवर कोरडी तापवून निर्धोक करतात, पण कायटोसनवर तो उपाय करता येत नाही. म्हणजे टरफल कारखान्यात पोहोचण्याआधी किती तास उन्हात सडले, यावर अखेरच्या औषधाची शुद्धता ठरते. प्रदूषित खाडीतला माल असेल तर शिसे आणि कॅडमियमची तपासणी वेगळीच. सोलल्याबरोबर टरफले बर्फात ठेवणारी व्यवस्था बंदरावर नसेल, तर पुढची प्रयोगशाळा कितीही आधुनिक असो, तिचा खर्च वाढतच जाणार.

नियमांची चौकट आपल्याकडे आता तयार आहे. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ मध्ये आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. कणाचा आकार, भार, शरीरातून तो बाहेर पडतो की साठून राहतो, याचे पुरावे आता उत्पादकाला द्यावे लागतात. कायटोसनचे शरीरात लायसोझाइम या विकराने हळूहळू विघटन होते, ही त्याची जमेची बाजू. ती दाखवण्यासाठीही प्रत्येक नव्या रूपाची स्वतंत्र चाचणी मात्र चुकत नाही.

खर्च टाळण्याचे मार्ग शोधले जात आहेत. आम्लाऐवजी दह्यातल्यासारखे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू टरफलांवर सोडून चुना आणि प्रथिने काढण्याचे प्रयोग बऱ्याच ठिकाणी झाले. त्यात पाणी व रसायने कमी लागतात, वेळ मात्र जास्त जातो आणि थोडी प्रथिने मागे राहतातच. बेल्जियममधील ‘कायटोझाइम’ या कंपनीने तर कोळंबीच सोडून दिली आहे. सायट्रिक आम्ल बनवण्यासाठी वापरली जाणारी अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी घेऊन ती कायटोसन काढते. बुरशी बंदिस्त टाकीत वाढते, त्यामुळे हंगामाचा आणि खाडीच्या प्रदूषणाचा प्रश्न येत नाही. कोळंबीच्या अ‍ॅलर्जीची शंका उरत नाही आणि शाकाहारी ग्राहकालाही हा माल चालतो. ब्राकोनोंना दोनशे वर्षांपूर्वी कायटिन बुरशीच्याच कुळात गवसले होते.